ग्राफिक डिझाइनच्या पदवीचा ओपन डे: भिंतीवरच्या पोस्टरआधी स्केचबुक पाहा

नमस्कार. ग्राफिक डिझाइनच्या पदवीसाठी तुम्ही एखाद्या विद्यापीठाच्या ओपन डेला, म्हणजे इच्छुक विद्यार्थ्यांना विभाग पाहता यावा म्हणून खुल्या ठेवलेल्या दिवशी, जाणार असाल, तर तिथे काय पाहावे आणि कोणाला काय विचारावे, याविषयी आज बोलू या.

दालनात शिरताच समोर मांडलेली कामे बहुधा शेवटच्या वर्षाची आणि त्यातही निवडक असतात. ती जरूर पाहा. परंतु नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला तिथे कसे शिकवले जाते, हे त्यांवरून कळत नाही. त्यासाठी पहिल्या-दुसऱ्या वर्षाची स्केचबुके पाहायला मागावीत, असे माझे ठाम मत आहे. एकाच बोधचिन्हाची वीस-तीस कच्ची रेखाटने एका पानावर दाटीने काढलेली, त्यांतली बहुतेक खोडलेली, दोन-तीनांभोवती वर्तुळ आणि कडेला शिक्षकांनी पेन्सिलीने लिहिलेला ‘लहान आकारात ओळखू येईल का?’ असा प्रश्न, असे पान दिसले तर तिथे थांबा. ब्राउझरच्या टॅबवर त्याच चिन्हाला जेमतेम १६ बाय १६ पिक्सेलची जागा मिळते, हे ज्या शिक्षकाच्या मनात आहे, त्याच्या हाताखाली शिकण्यासारखे पुष्कळ असते.

यानंतर पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम नीट समजून घ्या. जर्मनीतील वाइमार येथे १९१९ मध्ये सुरू झालेल्या बाउहाउस या कला आणि डिझाइनच्या शाळेत नव्या विद्यार्थ्यांना आधी पायाभूत वर्ग करावा लागे. त्यात रंग, आकार आणि साहित्य यांची ओळख प्रत्यक्ष हाताळून करून दिली जाई. आजही अनेक डिझाइन संस्थांच्या पहिल्या वर्षावर त्या पद्धतीची छाप दिसते. म्हणून रेखाटन, अक्षरांकन आणि रंग यांना किती वेळ दिला जातो, की पहिल्या आठवड्यापासून केवळ सॉफ्टवेअरच शिकवले जाते, हे स्पष्ट विचारा. सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या बदलत राहतात. दोन अक्षरांमधले अंतर खटकले की ते ओळखणारी नजर मात्र सरावानेच तयार होते.

कार्यशाळेत शक्य तितका जास्त वेळ घालवा. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये, म्हणजे जाळीतून शाई दाबून केलेल्या छपाईत, प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी लागते आणि दुसरा रंग किंचित सरकला, तरी दोन रंगांच्या सीमेवर कागदाची पांढरी रेघ उघडी पडते. पडद्यावरचा रंग लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून तयार होतो, तर छपाईतला निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईतून. त्यामुळे पडद्यावरचा झगझगीत हिरवा कागदावर मंद दिसतो. हे स्वतः छापून पाहिलेला विद्यार्थी पुढे फाइल तयार करताना आपोआप काळजी घेतो. म्हणूनच यंत्रे किती आहेत यापेक्षा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना ती वापरू देतात का, तंत्रसहायक केव्हा हजर असतात आणि तासिका संपल्यावर कार्यशाळा उघडी राहते का, हे विचारणे अधिक महत्त्वाचे आहे.

शुल्क आणि वसतिगृह यांची माहिती पुस्तिकेत मिळते. त्यासाठी रांगेत वेळ घालवू नका. तो वेळ विद्यार्थ्यांशी बोलण्यात घालवा, आणि शक्यतो शिक्षक जवळ नसताना. सर्वांसमोर कामावर चर्चा होते, त्या ‘क्रिट’मध्ये एका गटात किती जण असतात, फक्त शिक्षकच बोलतात की सहाध्यायीही, आणि टीका ऐकल्यावर काम सुधारून पुन्हा दाखवण्याची संधी मिळते का, हे त्यांच्याकडूनच खरे कळेल.

स्वतःचे पोर्टफोलिओही सोबत ठेवा. काही विभागांत त्या दिवशी प्राध्यापक ते पाहून सूचना देतात, मात्र त्यासाठी आधी वेळ ठरवावी लागू शकते. मोजकीच कामे निवडा आणि त्यांपैकी निदान एका कामाची पहिल्या रेखाटनापासूनची सगळी पाने, फसलेल्या प्रयत्नांसह, जोडा. प्राध्यापकांचे प्रश्न बहुधा त्या पानांवरूनच सुरू होतात.