माझ्यावर नाही, त्यांच्यावर

फेब्रुवारी १९४५. प्रशांत महासागरातील इवो जिमा या बेटावर अमेरिकी आणि जपानी सैन्यांमध्ये घनघोर लढाई सुरू झाली होती. तेथे असलेल्या अमेरिकेच्या एका तुकडीतील सैनिक कृष्णवर्णीय होते आणि अधिकारी गोरे. जपान्यांना याचा सुगावा लागला आणि त्यांच्या विमानांनी या तुकडीवर पत्रके टाकली. हे युद्ध गोऱ्यांचे आहे, जपानचे तुमच्याशी काही वैर नाही, गोऱ्यांसाठी जीव धोक्यात घालू नका, संधी मिळताच शरण या किंवा निघून जा, अशा आशयाचा मजकूर त्यांवर होता. तो वाचून सैनिकांचे मन डळमळल्याचा कोणताही पुरावा नाही. तरीही दुसऱ्या दिवशी ती तुकडी मागे घेण्यात आली.

आपल्याकडे याला ‘लेकी बोले, सुने लागे’ म्हणतात. मजकूर सैनिकांना उद्देशून होता आणि लागला तो अधिकाऱ्यांना. ते स्वतः त्या कागदाने फितणार नव्हतेच. आपले सैनिक फिततील, एवढी शंका त्यांना पुरेशी झाली. ज्या सैन्यात वर्णानुसार तुकड्या वेगळ्या ठेवल्या जात होत्या, त्या सैन्यात ही शंका चटकन मूळ धरावी यात नवल नाही.

ही हकिकत युद्धानंतर काही वर्षांनी एका तरुण इतिहासकाराने अमेरिकी समाजशास्त्रज्ञ फिलिप्स डेव्हिसन यांना सांगितली आणि ती त्यांच्या डोक्यातून गेली नाही. पुढे कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक असताना, १९८३ साली, त्यांनी एका शोधनिबंधात या प्रकाराला नाव दिले: तृतीयपुरुषी परिणाम. व्याकरणातले तीन पुरुष आठवावेत. माध्यमांचा प्रभाव ‘मी’वर पडत नाही, ‘तू’वरही फारसा पडत नाही, तो पडतो ‘त्यांच्या’वर, असे माणूस मानतो आणि त्या समजुतीप्रमाणे वागूही लागतो. पश्चिम जर्मनीतील पत्रकारांशी बोलतानाही डेव्हिसन यांना हेच ऐकू आले होते. अग्रलेखांचा तुमच्या-माझ्यासारख्यांवर विशेष परिणाम होत नाही, सामान्य वाचकावर मात्र बराच होतो, असे ते पत्रकार सांगत. हा सामान्य वाचक कोण, याचा पत्ता मात्र कोणाकडेच नसतो.

त्यानंतर झालेल्या अनेक अभ्यासांमध्ये स्वतःवरचा आणि इतरांवरचा मानलेला परिणाम यांतील हे अंतर पुन्हा पुन्हा आढळले आणि त्यात एक बारकावाही दिसला. तुलनेसाठी घेतलेली माणसे आपल्यापासून जितकी दूरची, तितकी ती अधिक भोळी वाटतात: वर्गमित्रांपेक्षा विद्यापीठातील इतर विद्यार्थी आणि त्यांच्यापेक्षा एकूण जनता. उलट आरोग्याचा सल्ला देणाऱ्या जाहिरातीसारखा संदेश असेल, म्हणजे ज्याचा प्रभाव पडणे चांगले समजले जाते असा, तर हे अंतर कमी होते; कधी कधी माणूस आनंदाने कबूल करतो की परिणाम माझ्यावरच अधिक झाला. यावरून या हिशेबात स्वतःच्या प्रतिमेची काळजी किती मोठी आहे, हे उघड होते. मात्र चूक नेमकी कोठे होते, इतरांना दुबळे समजण्यात की स्वतःला अभेद्य समजण्यात, हा प्रश्न डेव्हिसन यांनीच उपस्थित केला होता आणि तो सहज सुटणारा नाही.

या समजुतीचे कृतीत रूपांतर कसे होते, ते एका दुकानात पाहू. एखाद्या वस्तूचा तुटवडा होणार, अशी बातमी येते. बातमी वाचणाऱ्याचा तिच्यावर विश्वास बसलेला नसतो. घरात महिनाभराचा साठाही असतो. पण इतर लोक घाबरून दुकानात धाव घेतील आणि आपल्यासाठी काही उरणार नाही, असा विचार करून तो पिशवी उचलतो. त्याच्या मागे रांगेत उभा असलेला माणूसही याच विचाराने आलेला असतो, आणि त्याच्या मागचाही. संध्याकाळी फळी खरोखरच रिकामी होते आणि दुसऱ्या दिवशी तिचे छायाचित्र बातमी म्हणून छापले जाते.

सेन्सॉरशिपच्या मागणीतही हाच धागा सापडतो. हिंसक किंवा अश्लील दृश्यांवर बंदी हवी, असे म्हणणाऱ्यांत त्या दृश्यांनी आपण बिघडू अशी भीती क्वचितच कोणी व्यक्त करतो. काळजी असते ती इतरांची. बंदी योग्य की अयोग्य हा स्वतंत्र वाद आहे, पण तिला मिळणारा पाठिंबा पुष्कळदा अशा अंदाजावर उभा असतो.

राजकीय बातम्यांबाबत हा अंदाज अधिकच तीव्र होतो. १९८२ साली लेबनॉनमधील बैरूतमध्ये झालेल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या हत्याकांडाचे दूरचित्रवाणीवरील वार्तांकन स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी इस्रायलसमर्थक आणि अरबसमर्थक अशा दोन्ही गटांतील विद्यार्थ्यांना दाखवले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात फिती त्याच होत्या, तरी वार्तांकन आपल्या विरोधात झुकलेले आहे, असे दोन्ही गटांना वाटले. ते पाहून तटस्थ प्रेक्षक आपल्या बाजूच्या विरोधात जाईल, अशी धास्तीही दोघांनी घेतली. अशी धास्ती घेतलेला माणूस पुढे एक तर आवाज चढवतो किंवा आपण एकटे पडलो असे समजून गप्प बसतो, आणि भोवतालचे लोक त्या आवाजालाच किंवा त्या शांततेलाच जनमत समजू लागतात.

हा परिणाम नेहमी वाईटाकडेच नेतो असे मात्र नाही. आरोग्यकेंद्रांतील कर्मचाऱ्यांनी रुग्णांशी नीट बोलावे, यासाठी नेपाळमध्ये त्यांच्याकरिता रेडिओवर एक मालिका प्रसारित होत होती. ती सामान्य लोकांच्याही कानावर पडत होती. कर्मचाऱ्यांवर तिचा प्रभाव पडला असणार, असे लोकांनी गृहीत धरले, त्यांच्याकडून अधिक चांगल्या वागणुकीची अपेक्षा ठेवली, आणि त्या अपेक्षेमुळे लोकांचा कर्मचाऱ्यांकडे पाहण्याचा दृष्टिकोन आणि त्यांच्याशी होणारा संवादही सुधारला, असे गुंथर आणि स्टोरी या संशोधकांच्या २००३ सालच्या अभ्यासात दिसून आले. आपल्यासमोर बसलेल्या कर्मचाऱ्याने ती मालिका खरोखर ऐकली आहे की नाही, हे केंद्राची पायरी चढणाऱ्या रुग्णाला माहीत असण्याचे कारण नव्हते.