खाणीतलं पाणी कुठं जातं?

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्यापैकी किती जण खाणीत पोहायला शिकलात? कोल्हापूरच्या पंचक्रोशीत पोरं पहिली उडी मारतात ती विहिरीत, नाहीतर जुन्या खाणीत. पाऊस उघडला, दिवाळी झाली, तरी खाणीत पाणी असतं. आपला रंकाळाही मुळात दगडाची खाण होता, भूकंपात खडक उलला आणि पाणी लागलं, असं जुनी माणसं सांगत आली आहेत. भूकंपाची गोष्ट इतिहासकारांकडं सोपवू. पण आपल्याकडचा काळा पाषाण वरून अखंड वाटला तरी त्याला सांधे असतात, फटी असतात, हे कुठलाही विहीर खोदणारा सांगेल. त्या फटींतून पाणी खाणीत येतं, आणि त्याच वाटांनी ते बाहेरही जातं.

हे आज सांगतोय ते कचऱ्यासाठी. कचरा वाढला की डेपो वाढवायचा प्रस्ताव येतो आणि नजर पडक्या खाणींकडं वळते. कसबा बावड्याला, लाइन बाजारातला कचऱ्याचा डोंगर आपण पाहिला. टोप गावच्या खाणीत कचरा टाकण्यावरून झालेला वादही आपल्याला ठाऊक आहे. डेपोला डोळे मिटून विरोध करा, असं मी म्हणणार नाही. आपल्या घरातून रोज निघणारं काहीतरी कुठंतरी जाणारच आहे. पण डेपोची सगळी सुरक्षितता त्याच्या तळात असते, आणि पहिला डंपर रिकामा झाला की तो तळ पुन्हा कुणाला दिसत नाही. म्हणून विचारायचं ते आधी विचारलं पाहिजे.

२०१६ च्या घनकचरा नियमावलीत हा तळ कसा हवा ते स्पष्ट लिहिलं होतं. खाली ९० सेंटिमीटर दाबून बसवलेली चिकणमाती, तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीची एचडीपीई प्लास्टिकची चादर, आणि मातीच्या थराखाली भूजल किमान दोन मीटर खोल. ही माती इतकी घट्ट हवी, की वर पाणी साचू दिलं नाही तर तेवढा थर ओलांडायला पाण्याला कित्येक वर्षं लागावीत. कागदावर हे छान आहे. पण खाणीच्या भिंती उभ्या असतात, सुरुंगानं फोडलेले दगड धारदार असतात. त्या भिंतीवर चिकणमाती दाबायची कशी? चादर फाटणार नाही याची तजवीज काय? आणि ती दोन मीटरची मोजणी कुठल्या महिन्यात केली? मे महिन्यात विहीर तळाला गेलेली असते, ऑगस्टमध्ये तीच काठोकाठ असते. उन्हाळ्यातला आकडा दाखवला तर पावसाळ्यातला मागा. माझ्या मते प्रकल्पाच्या सगळ्या पर्यावरण अहवालातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा हाच आहे.

आता पाऊस. एक हेक्टर उघड्या कचऱ्यावर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी होतं १० लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर. जुलैत असा दिवस आपल्याकडं नवलाचा नाही. त्यातलं जे पाणी कचऱ्यातून झिरपतं, ते काळं होऊन खाली उतरतं. त्यालाच लिचेट म्हणतात. म्हणून चालू भाग लहान ठेवायचा, बाकीचा पावसाळ्याआधी झाकायचा, भोवतीनं चर काढून बाहेरचं पाणी बाहेरच वळवायचं. लिचेटची टाकी सरासरी पावसावर बेतलीय की मुसळधार दिवसांवर, हे विचारा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ ला ती केवढी ओलांडली गेली, ते आपण सोसलंय. तेव्हा पुराची रेषा नकाशावर दाखवल्याशिवाय पुढचं बोलणंच नको. नदी आपल्यापाशी थांबत नाही. खाली इचलकरंजी आहे, शिरोळ आहे.

विस्तारात आणखी एक खोच असते. जुन्या ढिगाखाली बहुधा ना माती असते, ना चादर. त्याच ढिगावर नवा थर चढवला, तर जुना कचरा कुजून खचत राहतो आणि वरची चादर ताणली जाऊन फाटू शकते. आधी जुनं उपसून, चाळून मोकळं करायचं, ज्याला बायोमायनिंग म्हणतात, आणि मगच नव्याचं बघायचं. शिवाय नियमानं तिथं फक्त निरुपयोगी, न कुजणारा कचराच जायला हवा. भाजीची देठं आणि शिळा भात तिथं पोचला, तर लिचेटही वाढतं आणि मिथेनही. तेवढं आपल्या स्वयंपाकघरात आपल्या हातात आहे.

अशा प्रकल्पाची जनसुनावणी लागते तेव्हा २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेप्रमाणं किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस येते, आणि अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध करावा लागतो. तो मागून घ्या, चावडीत मोठ्यानं वाचा. सुनावणीतला प्रत्येक आक्षेप नोंदला जातो. घोषणा मात्र हवेत जाते.

काही वर्षांपूर्वी एका डेपोजवळच्या गावात गेलो होतो. एका मावशींनी तांब्याभर पाणी पुढं केलं आणि म्हणाल्या, "बघा, पूर्वी असं मचूळ नव्हतं." मी चव घेतली. त्यांचं खरंच होतं, तरी मला काही करता आलं नाही. डेपो यायच्या आधीचं पाणी कुणी तपासलंच नव्हतं. उसाच्या खतानं झालं असेल, एवढ्या एका वाक्यात त्यांची तक्रार फेटाळली गेली. त्या तांब्याचं ओझं अजून मनावर आहे.

म्हणून प्रस्तावाची नुसती कुणकुण लागली तरी आसपासच्या विहिरी आणि बोअर तपासून घ्या. एकदा मेमध्ये, एकदा सप्टेंबरात, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून. क्लोराइड नक्की मोजायला सांगा. ते मातीत अडकत नाही, पाण्याबरोबर सरळ पुढं येतं, त्यामुळं चाहूल लवकर लागते. अमोनिया आणि जड धातूही मोजा. पाण्याची पातळी दोरी सोडून वहीत लिहा, बाटलीवर तारीख घाला, आणि अहवालाची एक प्रत ग्रामपंचायतीत जमा करून पोच घ्या.

नमस्कार.