आधी चामडं ओळखा

(ठाण्यात नवशिक्यांच्या चर्मकाम कार्यशाळेत दिलेलं व्याख्यान)

आज पाकीट घेऊन घरी जायचं ठरवून आला असाल, तर आधीच सांगते, ते होणार नाही. आज चामडं ओळखायचं.

समोरचा तुकडा दोन्ही हातांनी ओढून पाहा. पाठीकडचं चामडं घट्ट असतं, पोटाकडचं सैल, लगेच ताणतं. म्हणून पट्टा पाठीच्या कण्याला समांतर कापायचा, नाहीतर तो वापरून वापरून लांबत जातो. हा तुकडा वनस्पतींच्या अर्कात कमावलेला आहे. आपल्याकडे त्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरत आले आहेत. ओला केला की असं चामडं मऊ पडतं, हवा तो आकार घेतं आणि वाळल्यावर धरून ठेवतं. बाजारातलं बहुतेक चामडं क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं असतं. तेही चांगलंच, पण त्यावर ठोकलेली नक्षी उठून राहत नाही. शिकायला वनस्पतींच्या अर्कात कमावलेलंच घ्या, महाग पडलं तरी.

काठ तासताना चामडं फरशीवर दाबून धरा आणि रापी, म्हणजे चामडं कापायचं रुंद पात्याचं हत्यार, अंगापासून दूर ढकला. धार बोथट असेल तर आपण जोर लावतो, आणि हात कापतो तो तिथेच.

आता शिवण. मशीनच्या टाक्यात वरचा आणि खालचा धागा एकमेकांत अडकलेला असतो. एक तुटला की शेजारचे उसवत जातात. हातशिवणीत मेण लावलेला एकच दोरा, दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून आरपार. एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. दोरा शिवणीच्या साधारण चौपट घ्या. भोक पाडायची आरी तिरकी गेली की मागच्या बाजूची ओळ वाकडी येते, मग ती कुठल्याही पॉलिशने झाकत नाही.

अस्सल कोल्हापुरीला तर दोराही लागत नाही. तळाचे थर चामड्याच्याच वादीने, म्हणजे अरुंद पट्टीने, शिवतात, खिळा नाही. वेणी घालण्याचं बारीक काम बऱ्याच घरांत बायका करतात. 2019 मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोमध्ये तशाच चपला दिसल्या, कोल्हापूरचा उल्लेख नव्हता, आणि आपण सगळे चिडलो. चिडायलाच हवं होतं. पण स्टेशनबाहेर बसलेल्या चर्मकाराशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करतो, तेव्हा आपल्याला काहीच वाटत नाही. हे मला फार लागतं. ज्यांच्यावर जातीने हे काम लादलं, त्यांना संध्याकाळी हात धुऊन ते बाजूला ठेवता आलं नाही. आपण हौसेने आलोय. शिकवायला आलेल्या काकांना भरपूर विचारा, त्यांचं मानधन घासाघीस न करता द्या, आणि ‘हे कुणाकडून शिकलात?’ असं कुणी विचारलं तर त्यांचं नाव सांगा.

आणि हो, ठाण्याच्या पावसाळ्यात चामड्याला बुरशी धरतेच. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. सुती कापडात ठेवा, भिजलं तर सावलीत वाळवा.

पुढच्या रविवारी घरातली जुनी, टाकायला काढलेली कोल्हापुरी असेल तर घेऊन या. तिची वादी उसवून थर सुटे करू आणि आतलं काम बघू.