दुखतं कानशिलात, गाठ खांद्यात

श्रोतेहो, नमस्कार.

डोक्यावर मासळीची पाटी, आणि पाटी नसली की मान खाली: जाळं शिवताना, काजूगर सोलताना, पेटीत आंबे लावताना. हर्णैच्या बंदरापासून वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यांपर्यंत मानेला सुट्टी अशी नाहीच. उरलेला वेळ मोबाईल घेतो. मग एके सकाळी मान धरते आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "उशी बदल."

खुशाल बदला. पण अशी मान तपासताना मान आणि खांद्याच्या मधल्या मांसल भागात बऱ्याचदा दोरीसारखा ताठ पट्टा बोटांना लागतो, आणि त्यात एक फार दुखरी जागा. हा ट्रिगर पॉइंट. गंमत अशी की दाबतो आपण खांद्यावर आणि कळ जाते कानामागून थेट कानशिलात! डोकेदुखीच्या गोळ्या खाणाऱ्या एखाद्या बाईचं मूळ दुखणं असं खांद्यात सापडतं. फऱ्याला, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाला, वर ओढणारा स्नायू आखडला, तर मान वळतच नाही. स्कूटरवर मागे बघायला अख्खं अंग फिरवावं लागतं. एक्स-रेत यातलं काही दिसत नाही. स्नायूच्या आत नेमकं काय बिघडतं, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहेत. मात्र कोणती जागा दाबली की कळ कुठे जाते, याचे नकाशे अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स या डॉक्टरांनी १९८३ साली छापले. ट्रॅव्हेलबाई राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या डॉक्टर होत्या.

उपचार हातानेच. त्या जागेवर अंगठा हळूहळू दाबायचा, सोसेल इतकाच, आणि तीस ते नव्वद सेकंद तसाच ठेवायचा. अंगठ्याखालची कळ ओसरू लागते. मग तो स्नायू सावकाश ताणायचा आणि मान हलवायला लावायची. "जरा जोर लावा ओ," असं पुष्कळजण सांगतात. मी लावत नाही. तेल लावून रगडून घेतलेली मान दुसऱ्या दिवशी जास्त ठणकते, हे तुम्हीच मला येऊन सांगता. आणि दाढी झाल्यावर कडकन मान मोडून घेणं तर कृपा करून बंद करा. त्यात मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

हाताच्या उपचाराने आराम पडतो, पण नुसत्या तेवढ्यावर तो फार दिवस टिकत नाही. जोडीला व्यायाम हवा: हनुवटी सरळ मागे घेणं, दोन्ही फरे मागे जवळ आणणं. आंबे लावायची पेटी जमिनीवरून उचलून बाकावर ठेवा. अर्ध्या तासाने एकदा उठा. पाटीतलं ओझं दोन खेपांत न्या, वेळ गेला तरी चालेल.

हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल पडली असेल, चालताना तोल जात असेल, ताप असेल किंवा माडावरून पडल्यावर मान दुखायला लागली असेल, तर कुणाकडूनही मान दाबून घेऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखून कळ मानेत, हातात येत असेल, तर सकाळची वाट न बघता लगेच दवाखाना गाठा.