मुलाचे तळपाय सपाट आहेत? बुटात घालायचे इनसोल घेण्याआधी हे बघा

नमस्कार! मूल आंघोळ करून ओल्या पायांनी फरशीवरून गेलं, की मागे ठसे उमटतात. मधला खळगा दिसत नाही, अख्खं पाऊल उमटलेलं, की घरात काळजी सुरू. 'फ्लॅट फीट आहेत का हो? पुढे भरतीत अडकेल का?'

मी आधी वय विचारते. दोन-तीन वर्षांच्या बहुतेक मुलांचे तळपाय सपाटच दिसतात. तिथे चरबीची गादी असते, सांधे सैल असतात. कमान हळूहळू घडते, बऱ्याच मुलांमध्ये ६ ते १० वर्षांपर्यंत.

आता घरीच बघा. मुलाला टाचा उचलून चवड्यांवर उभं करा आणि तुम्ही मागे जमिनीवर बसा. हे बघा, टाच किंचित आत वळली आणि कमान उठून दिसली. हे लवचिक पाऊल. दुखत नसेल तर बहुधा उपचार लागतच नाहीत. सैन्याच्या वैद्यकीय निकषांतही असं लवचिक, न दुखणारं पाऊल चालतं. चवड्यावर उभं राहूनही पाऊल सपाटच राहिलं, तर मात्र हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं. काहींच्या पावलातली हाडं जन्मतः एकमेकांना जुळलेली असतात.

मग इनसोल? १९८९ साली अमेरिकेत वेंगर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. काही मुलांना खास बूट, काहींना बुटात टाचेखाली बसणारे कप, काहींना मापाचे इनसोल, काहींना काहीच नाही. ३ वर्षांनी सुधारणा सगळ्यांत सारखीच! इनसोल म्हणजे चष्मा: घातलाय तोवर आधार, काढला की पाऊल होतं तसं. मूल पाय दुखतात म्हणत असेल, तर तो आधार जरूर द्यावा. पण आधी साधा, तयार मिळणारा. दुखत नसताना महागडे, मापाचे इनसोल घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

व्यायामात मी सर्वांत आधी पोटरी बघते. मुलाला उकिडवं बसवा. टाचा टेकत नसतील तर पोटरी आखडलेली असू शकते, आणि मग चालताना सगळा ताण पावलाच्या मधोमध येतो. भिंतीला हात टेकवून एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला, पाऊल समोर. ३० सेकंद. पाऊल बाहेर फिरवलं की ताण निसटतो, आणि मुलं नेमकं तेच करतात! बाकी चवड्यांवर चालणं, पायाच्या बोटांनी गोट्या उचलून वाटीत टाकणं. स्नायूंना ताकद येते. कमान येईलच असं वचन कुणी देत असेल तर सावध राहा.

आणि अनवाणी खेळू द्या. राव आणि जोसेफ यांनी आपल्याच देशात २,३०० मुलं तपासली, १९९२ मध्ये ते छापून आलं. बूट-चपला घालणाऱ्यांत सपाट तळपाय ८.६ टक्के, न घालणाऱ्यांत २.८. नुसत्या पाहणीवरून दोष बुटांचाच असं ठरत नाही, पण अंगणात, वाळूत खेळणाऱ्या पोराला बूट कशाला चढवायचे?

एकच पाय सपाट असेल, मूल लंगडत असेल किंवा पळायला टाळत असेल, तर थांबू नका. डॉक्टरांकडे जाताना त्याचे रोजचे जुने बूट सोबत न्या. तळ कुठे झिजलाय ते त्यांना बघता येईल.