फ्रँकफर्टमध्ये सगळे डिकीकडेच बघत राहिले

[दृश्य: प्रदर्शनाचा भव्य हॉल, कॅमेऱ्यांचा लखलखाट, फिरत्या चौथऱ्यावर राखाडी सेडान]

सप्टेंबर २००१. फ्रँकफर्टचं आयएए, म्हणजे जर्मनीतलं मोटारींचं सर्वांत मोठं प्रदर्शन. बीएमडब्ल्यूच्या दालनात नवी ७ सिरीज उभी आहे. कंपनीची सर्वांत महागडी सेडान, तिची ही चौथी पिढी. कंपनीतलं सांकेतिक नाव ई६५.

आधीची ७ सिरीज, १९९४ची ई३८, आजही देखणी वाटते. लांब, बुटकी, शांत. एक रेघ जास्तीची नाही. बघायला आलेल्यांच्या डोळ्यांत तीच बसलेली होती. नवीचं निम्मं नशीब तिथेच फिरलं.

समोर हेडलाइट, आणि त्यांच्या वर इंडिकेटरच्या पट्ट्या. रात्रभर जागलेल्या माणसाच्या सुजलेल्या पापण्या दिसाव्यात, तशा. बाजूने गाडी उंच आणि भरीव. मग मागे जायचं.

[दृश्य: कॅमेरा सावकाश मागच्या बाजूला. डिकीवर थांबतो.]

डिकीचं झाकण मागच्या मडगार्डच्या रेषेत मिसळतच नाही. ते वर निराळं आणून ठेवल्यासारखं बसलंय. दोन्ही बाजूंच्या फटी लपवायचा प्रयत्नही नाही. उलट, त्या फटीच दाखवायच्या आहेत असं वाटतं.

बीएमडब्ल्यूचे डिझाइनप्रमुख होते ख्रिस बँगल. अमेरिकन माणूस, १९९२पासून या पदावर. ई६५चं बाह्यरूप मुळात एड्रियन व्हॅन हूयडोंक या डच डिझायनरचं; पण शिव्या खाल्ल्या बँगलनी. त्या पार्श्वभागाचं ‘बँगल-बट’ असं बारसं झालं. त्यांना नोकरीवरून काढा म्हणून इंटरनेटवर सह्यांची मोहीमसुद्धा निघाली. गाडीच्या डिकीवरून एवढा संताप! तोही बहुतेक अशा लोकांचा, ज्यांना ती गाडी घ्यायची नव्हतीच.

पण डिकी उगाच उंच झाली नव्हती. ई३८ची उंची १४३५ मिलिमीटर, ई६५ची १४९२. जवळपास सहा सेंटिमीटरची वाढ. माणसं उंच बसायला लागली, छप्पर वर गेलं, मग शेपटी खाली ठेवून चालणार कसं? जुन्या गाडीचा तोल नव्या मापात बसत नव्हता. हे मान्य केलं तरी आमचं मत सांगतो: फोटोत ती डिकी बोजड दिसते, आणि समोर उभं राहिलं की जरा कमी बोजड दिसते. एवढंच.

पत्रकारांसाठी राखलेल्या दिवसांतला एक होता ११ सप्टेंबर. जर्मनीत दुपार होती, आणि न्यूयॉर्कच्या बातम्या आल्या. त्यानंतर डिकीची चर्चा करायला कोणाचं मन झालं असेल!

[दृश्य: दार उघडतं. डॅशबोर्ड, मधोमध धातूचं गोल बटण.]

खरी उलथापालथ दाराच्या आत होती. चौथऱ्याभोवती फिरून कळणारी नव्हे. गिअरचा दांडा मधून गायब, त्याची एक छोटी काडी स्टीअरिंगजवळ. किल्ली खाचेत सरकवायची आणि बटण दाबून इंजिन सुरू करायचं. हँडब्रेकही बटणाचा. आणि दोन सीटांच्या मध्ये एक मोठं गोल बटण: आयड्राइव्ह. गाणी, फोन, नकाशा, एसीच्या बारीकसारीक सोयी, सगळं वरच्या पडद्यावर, आणि पडदा चालवायचा या एका बटणाने. ते आठ दिशांना ढकलायचं, फिरवायचं, दाबायचं.

कल्पना मोठी होती, अंमल त्रासदायक. साध्या कामासाठी याद्यांमागून याद्या, तेही चालत्या गाडीत. ही टीका मात्र रास्त होती, आणि कंपनीनेही ती ऐकली. २००३च्या ५ सिरीजमध्ये आठ दिशांच्या चार झाल्या.

इंजिनांबद्दल थोडक्यात. ७४५आय या ई६५च्या मॉडेलमध्ये ४.४ लिटरचं व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरांचं इंजिन, ३३३ हॉर्सपॉवर, आणि झेडएफ या जर्मन कंपनीचा सहा गिअरचा ऑटोमॅटिक, जो तोवर कुठल्याच गाडीत नव्हता. त्यावर फारसं कोणी भांडलं नाही.

[दृश्य: २००५ची सुधारित ७ सिरीज, शेजारी त्याच वर्षीची एस-क्लास]

२००५मध्ये ई६५चा चेहरा आणि डिकी सौम्य करण्यात आली. म्हणजे टीका बोचली होती. पण त्याच वर्षी, त्याच फ्रँकफर्टमध्ये मर्सिडीजने नवी एस-क्लास आणली, आणि तिच्या डिकीचं झाकणही मडगार्डच्या वर उठून बसलेलं! आत, मध्यभागी, गोल बटण. ऑडीने तसं बटण त्याआधीच, २००२च्या ए८मध्ये दिलं होतं. आणि ज्या ई६५ची एवढी थट्टा झाली, ती तोवरच्या सगळ्या ७ सिरीजपेक्षा जास्त खपली.

आपल्याकडे ही पिढी बहुतेकांनी पाहिली ती टीव्हीवर. वाजपेयींच्या काळात पंतप्रधानांच्या ताफ्यात अ‍ॅम्बेसेडरच्या जागी चिलखती ७ सिरीज आली. तिच्या डिकीवर मात्र इथे कोणी सह्या गोळा केल्या नाहीत.

बँगल २००९मध्ये बीएमडब्ल्यूतून बाहेर पडले. त्यांची जागा घेतली व्हॅन हूयडोंक यांनी. २०२५च्या आयएएमध्ये, जे आता म्युनिकला भरतं, बीएमडब्ल्यूने विजेवर चालणारी नवी आयएक्स३ दाखवली. तिच्यात ते गोल बटण नाही. पडद्याला बोट लावा, नाहीतर तोंडाने सांगा. आता ते बटण परत द्या म्हणणारे आहेतच.