मूल कोणाचं? परंपरावादी कॅथलिकांचा वाद शाळेपाशी का येतो

नमस्कार मंडळी. परंपरावादी कॅथलिक म्हटलं की लॅटिन मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), वेदीकडे तोंड करून उभे असलेले फादर आणि डोक्यावर जाळीदार ओढणी घेतलेल्या बायका, एवढंच चित्र डोळ्यांपुढे येतं. आपल्या वसईत मिस्सा मराठीत होते. पूर्वी ती लॅटिनमध्ये व्हायची, भाविक गुडघे टेकून जपमाळ म्हणत बसायचे. मला मराठी मिस्सा जिवापाड आवडते, त्यामुळे लॅटिनचा आग्रह धरणारे आधी परकेच वाटले. पण त्यांचं लिखाण वाचत गेलो तसं दिसलं की ते पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी येतात: शाळेपाशी. आणि ही गोष्ट सुरू होते फ्रान्समध्ये.

1882 साली शिक्षणमंत्री ज्यूल फेरी यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि धर्माचा तास सरकारी शाळेतून काढून टाकला. त्या जागी नैतिक आणि नागरी शिक्षण आलं. ज्यांना मुलांना धर्मशिक्षण द्यायचंय, त्यांच्यासाठी रविवारखेरीज आठवड्यातला एक दिवस मोकळा ठेवला. ते शिक्षण शाळेच्या इमारतीबाहेर द्यायचं. 1904 मध्ये तर संन्यस्त संघांना शिकवायलाच बंदी झाली. हजारो ब्रदर-सिस्टर देश सोडून गेले. पुढच्याच वर्षी, 9 डिसेंबर 1905 ला, राज्य आणि चर्च कायद्याने वेगळे झाले.

त्याच्या दहा दिवस आधी, उत्तर फ्रान्समधल्या तुर्क्वाँ गावी एका कापड कारखानदाराच्या घरी मार्सेल लफेव्र जन्मला. आठ भावंडं, त्यातली पाच धर्मसेवेत गेली. हाच मुलगा पुढे डाकारचा आर्चबिशप झाला, दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेनंतर (1962-65 ची जगभरच्या बिशपांची सभा, जिच्यामुळे मिस्सा लोकभाषेत आली) रोमशी भांडला, 1970 मध्ये त्याने संत दहावे पायस यांच्या नावाने धर्मगुरूंचा संघ काढला आणि 1988 मध्ये पोपची परवानगी नसताना चार बिशपांना दीक्षा दिली. त्यामुळे रोमने त्याला धर्मबहिष्कृत ठरवलं. ज्या घराने शाळांतून सिस्टरांना बाहेर काढताना पाहिलं, त्या घरातल्या मुलाला आधुनिक राज्याबद्दल भरवसा वाटला नाही, हे मला समजू शकतं.

परंपरावादी मंडळींची इतिहासाची मांडणी ठरलेली असते. 1517 ला लूथरने चर्च फोडलं, 1789 च्या क्रांतीने राजाबरोबर देवालाही पायउतार केलं, 1917 ला रशियात देवाशिवायचं राज्य उभं राहिलं. प्रत्येक पायरी खालीच जाते. फ्रान्समधल्या व्हाँदे भागातल्या कॅथलिक शेतकऱ्यांची क्रांतीच्या सैन्याने 1793-94 मध्ये केलेली कत्तल ते कधी विसरत नाहीत, आणि विसरूही नये. पण ड्रायफसचं नाव त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकू येतं. या निरपराध ज्यू अधिकाऱ्याला 1894 मध्ये देशद्रोही ठरवलं, तेव्हा ‘ला क्रुआ’ हे कॅथलिक दैनिक ज्यूंविरुद्ध विष ओकत होतं. फ्रान्सचं प्रजासत्ताक धर्मसंघांवर इतकं का चिडलं, याचं निम्मं उत्तर तिथे आहे.

आता त्यांची भक्कम बाजू पाहू. 31 डिसेंबर 1929 ला पोप अकरावे पायस यांनी शिक्षणावर एक परिपत्रक काढलं. परंपरावादी शाळांचा पाया तोच. त्यात म्हटलंय की मूल वाढवण्याचा आईबापांचा हक्क राज्याच्या आधीचा आहे. राज्याने मदत करावी, आईबापांची जागा घेऊ नये. आणि या पोपने दाखला कशाचा दिला? अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा! ऑरेगन राज्याने 1922 मध्ये मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती केली. कॅथलिक शाळा बंद पाडणं हा त्यामागचा हेतू होता आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचा त्याला जोरदार पाठिंबा होता. सिस्टरांच्या एका संस्थेने दावा लावला आणि 1925 मध्ये त्या जिंकल्या. मूल म्हणजे नुसती राज्याची निर्मिती नव्हे, असं कोर्टाने स्पष्ट सांगितलं.

हा मुद्दा मला मनापासून पटतो. मुलाच्या हाती कोणती पुस्तकं द्यायची, त्याला चांगलं-वाईट कोणी शिकवायचं, हे सरकारच्या मर्जीवर सोडता येत नाही. कॅन्ससमधल्या सेंट मेरीजसारख्या गावी कुटुंबंच्या कुटुंबं अशा शाळेसाठी घर बदलून राहायला गेली आहेत. त्यांच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे.

पण मग बोलोन्याचं काय?

जून 1858. इटलीतल्या बोलोन्या शहरावर पोपचं राज्य होतं. रात्री शिपाई मोर्तारा या ज्यू कुटुंबाच्या दारात आले आणि सहा वर्षांच्या एडगार्दोला उचलून घेऊन गेले. तो आजारी असताना घरच्या मोलकरणीने कोणाला न सांगता त्याचा बाप्तिस्मा केला होता. म्हणून तो ख्रिस्ती, आणि ख्रिस्ती मूल ज्यू घरात वाढता कामा नये, असा तिथला कायदा होता. आईबापांनी विनवण्या केल्या, युरोपभर आवाज उठला. पोप नववे पायस बधले नाहीत. मुलगा रोममध्ये वाढला आणि पुढे धर्मगुरू झाला. याच पोपने सहा वर्षांनी, 1864 मध्ये, आधुनिक जगाच्या 80 चुकांची यादी काढली. आजही परंपरावादी ती अभिमानाने पुढे करतात, आणि तिच्यात शाळांवर राज्याची सत्ता असावी या मताचाही निषेध आहे.

म्हणजे आईबापांचा हक्क राज्याच्या आधीचा, पण मोर्तारांचा नाही? लॅटिन मिस्सेला जाणाऱ्या प्रत्येकाला मी हे विचारेन, आणि उत्तर ऐकून घेईन. कारण लफेव्र यांचा सर्वांत मोठा आक्षेप 7 डिसेंबर 1965 च्या धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर होता. कोणावरही धर्माच्या बाबतीत जबरदस्ती नको, असं परिषदेने त्यात म्हटलं. चुकीच्या धर्माला असा हक्क असूच शकत नाही, असं लफेव्र म्हणत राहिले. त्यांचे वडील प्रतिकार चळवळीत होते म्हणून नाझींच्या कैदेत मेले, हे वाचल्यावर तर मला त्यांचा हा हट्ट आणखीच टोचतो.

आपल्याकडे बघा. भारतात आपण ख्रिस्ती मूठभर. तरी वसईत, मुंबईत, गोव्यात आपल्या शाळा उभ्या आहेत, कारण संविधानाचं कलम 30 अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क देतं. तो हक्क आपला धर्म खरा की खोटा हे तपासून दिलेला नाही. मुसलमानांनाही तोच, शिखांनाही तोच.